एकोणीसशे, पुढे कोरं

पेर्सिदा म्हातारी आज पुन्हा आली.
एका हातात काठी, दुसऱ्यात अक्रोडांची पिशवी,
दारातूनच म्हणाली,
"राडिशा, तुझ्या बापाने माझं नुकसान केलं."

नुकसान असं:
शहाऐंशी साली तिचा त्रायलो गेला, तेव्हा
तिने जोडदगड घेतला, काळा, दोघांत मिळून एक.
त्याचं नाव, त्याची दोन्ही सालं.
तिचं नाव, जन्मसाल, एक आडवी रेघ,
आणि रेघेपुढे, एकदम कोरलं तर सूट होती म्हणून,
बाबांनी कोरूनच टाकले: एक आणि नऊ.
पुढच्या दोन आकड्यांना जागा सोडली.
तिलाही तेव्हा वाटलं होतं, दहा वर्षं, फार तर बारा.
शतक संपलं. बाबा संपले.
पिकलं पान म्हणतात,
हे पान देठच सोडत नाही.

दगडावरच्या लंबगोल फोटोत ती पंचावन्नची आहे,
डोक्याला फुलाफुलांचा रुमाल.
दर शनिवारी ती स्वतःची कबर झाडते,
थुंकी लावून स्वतःचा चेहरा पुसते, कबुतरांना शिव्या घालते.
"बघ की, माझ्याहून तरुण,
आणि माझ्याआधी जाऊन बसलीय त्याच्या शेजारी."

बाकी तयारी चोख.
ट्रंकेत काळा लोकरी झगा, मोजे, कंगवा,
बूट एक नंबर मोठे, शेवटी पाय सुजतात म्हणून.
प्लमची चौदा झाडं मुलाच्या नावे,
दारू गाळायचं तांब्याचं भांडं शेजारच्या योनला,
गाय कुणालाच नाही,
कारण गाईला अजून विचारलेलं नाही.
मुलगा स्लावोल्युब व्हिएन्नात फरशा बसवतो.
इथे त्याचं तीन मजली घर, फाटकावर सिमेंटचे दोन सिंह,
आत खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही.

गेल्या पानगळीत तिने स्वतःच्या मरणाचं जेवण घातलं.
आमच्याकडे चालतं ते, जिवंतपणी.
टेबलाच्या टोकाला स्वतःच बसली,
स्वतःच्या नावाचा पाव मोडून चाखला,
म्हणाली, मीठ कमी आहे,
खरंच मेल्यावर तरी नीट घाला.

भीती तिला एकाच गोष्टीची.
मरताना हातात पेटती मेणबत्ती नसेल
तर माणूस पलीकडे अंधारात चाचपडत राहतो, कायमचा.
म्हणून एप्रनच्या खिशात मेणबत्ती, उशीखाली मेणबत्ती,
कोंबड्यांच्या खुराड्यातही एक, खिळ्याला दोऱ्याने टांगलेली.
पण मेणबत्ती आपली आपण पेटत नाही.
आणि व्हिएन्नाहून येणारी बस
सगळी रात्र घेते.

मी दगडाचंच बोललो.
म्हटलं, ग्रॅनाइटची भुकटी भरून बुजवतो एकोणीस,
पण ठिगळ दिसेल, तिरप्या उन्हात तर हमखास.
"दिसू दे. कुणी विचारलं तर सांगा,
बाई हिशेबात चुकली."
मग बोट नाचवत म्हणाली, "वर दोन आणि शून्य कोर.
नव्व्याण्णवपर्यंत काळजी मिटली."
मी म्हणालो, या खेपेला आधी काही कोरणार नाही.
तिने अक्रोड परत पिशवीत भरायला घेतले.
मग मी दोन आकड्यांचा भाव सांगितला,
तिने तो निम्म्यावर आणला.

जाताना खिशातून मेणबत्ती काढली,
पिवळी, मधमाश्यांच्या मेणाची, जराशी वाकलेली,
आणि माझ्या छिन्न्यांच्या खणात ठेवली.
"माझ्या दारापासून तुझं दार चारशे दहा पावलं.
माझी पावलं. तुझी कमी भरतील."
एवढंच.

आता छिन्नी शोधताना बोटांना मेण लागतं.
पाच वर्षांपूर्वी सिगारेट सोडली,
तेव्हापासून खिशात काडेपेटी नव्हती.
संध्याकाळी दुकानातून एक आणली.
बायको माझ्या शर्टाचा वास घेते आहे,
अजून काही विचारलेलं नाही.