पाच गाठी

गोळीबार चौकात, पानठेल्यामागच्या बोळीत
गुणवंत सोनकुसरेनं बुलेटचं तोंड उघडलं.
आधी रिंग निघाली, मग काच,
मग चांदी उडालेला रिफ्लेक्टर, तळाशी एक वाळका किडा,
आणि आतून भसकन बाहेर आल्या वायरी.
सगळ्या लाल.

"काहून बे?" तो स्वतःलाच म्हणाला.
"कंपनी तर सात रंग देते.
कोण बसला होता हे वायरिंग कराले?"

माझे वडील, मी म्हटलं.
मे महिन्यातला रविवार, कूलरचा ओला वास,
अंगणात सतरंजी, तिच्यावर नट-बोल्टांच्या वाट्या.
मला पेचकस धरायला बसवलं होतं.
गांधीबागेतून एकच रीळ आणलं होतं लाल वायरीचं.
स्वस्तात मिळालं असेल.

"थांबा." गुणवंत डोळे मिटून चाचपू लागला.
प्रत्येक वायरीच्या टोकाशी शिवणाचा दोरा,
दोऱ्याला गाठी.
त्याच्या आज्यानं पाचपावलीत हातमागावर जन्म काढला,
तुटला धागा कंदील विझल्यावरही सांधणारी माणसं ती.
"एक गाठ, डिप्पर. दोन गाठी, अप्पर.
तीन म्हंजे ह्या टायगर बत्त्या.
चार, हॉर्न."
बॅटरीला टेकवून एकेक दाखवत गेला
आणि एकेक खरं निघालं.
हॉर्नसुद्धा. घोगरा, चौदा वर्षांच्या झोपेतून उठवलेला.

मग चहा फुंकता फुंकता सहज बोलला,
"ताई, तुमच्या बाबाले रंग दिसत होते नं?"

व्हेरायटी चौक.
मी टाकीवर, हँडलला दोन्ही हातांनी लटकलेली.
"काय झालं गं सिग्नल?"
"हिरवा!" मी ओरडायची
आणि बुलेट सुटायची.
मला वाटे, रंग शिकवताहेत.
चौथीत गेले तरी शिकवतच होते.

लोखंडी पेटीत रेल्वेचं एक पत्र होतं, घडीवर फाटलेलं:
वैद्यकीयदृष्ट्या अपात्र.
आई म्हणे, छातीत काहीतरी निघालं होतं.
अजनीच्या शेडकडून इंजिनाची शिट्टी आली
की बाबा रेडिओ मोठा करायचे.

बत्तीस वर्षं जकात नाक्यावर बसले ते,
ट्रकवाल्यांच्या गुलाबी पावत्या, हिरव्या पावत्या.
तिथे कुठे मारत असतील गाठ?

"बारा व्होल्टची करून टाकू," गुणवंत म्हणाला,
"एलईडी लावू, पांढराफट्ट उजेड पडन."
नको. सहाच राहू दे.
त्यांची बॅटरी कायम अर्धमेली.
गाडी हळू झाली की उजेड बसायचा,
रेस दिली की पुन्हा उठायचा.
रात्री अकराला गल्लीत वळले
की आमच्या खोलीच्या छतावर
तो दमेकरी उजेड सरकत यायचा, पिवळा.
म्हणजे, मला पिवळा.

शेवटी एक वायर उरली.
पाच गाठी.
टेस्टर लावला, बल्ब गप्प.
सीटखाली जात नव्हती, मागच्या दिव्याकडेही नाही.
हेडलाइटच्या डबड्यातच सुरू, तिथेच संपलेली,
जेमतेम वीतभर.
"कशाची असन?" गुणवंतनं कटर उचललं.
"फालतू आहे. तोडू?"

मी दोऱ्यावरून बोट फिरवलं.
बाकीच्या साऱ्या गाठी बारीक, आवळलेल्या, दुहेरी.
ह्या पाच मात्र सैल, फुगलेल्या,
शाळेच्या बुटाच्या नाडीला मारतात तशा.
पेचकस सोडून त्या दिवशी
आणखी काही दिलं होतं का माझ्या हातात?
आठवत नाही.

टोकाला काळी पट्टी गुंडाळ, म्हटलं,
आणि सरकव आत.
"शॉर्ट नाही होणार," गुणवंत म्हणाला,
"पण लागन कशाले?"
आणि पट्टीचं टोक दातानं तोडलं.