मोठ्यानं म्हणा

हेलिकॉप्टर उडणार नाही हे मला पहाटेच कळलं होतं.
ते आनाऊत तीस वर्षं काढली की
ढग समोरच्या डोंगराच्या कुठल्या घडीपर्यंत उतरलाय
त्यावरून दिवसाचा हिशेब मांडता येतो.
रोवेनाला मात्र फोन केला नाही.
म्हटलं, पडदा तिचा तिनंच सारावा.

लग्न लागायचं होतं वर, बर्फाच्या धारेवर.
लागलं ते रस्त्याकडेच्या पत्र्याच्या निवाऱ्यात,
जिथं डोंगर उतरून आलेली माणसं मोजे पिळतात,
आणि खांबावर कुणीतरी खिळ्यानं कोरून ठेवलंय:
चौथा दिवस. अजून तोच पाऊस.

माणसं मोजून चार.
रोवेना, वय बावन्न, पांढरा झगा गमबुटांत खोचलेला.
तामाती, शाळेत सुतारकाम शिकवणारा,
भावाचा कोट, बाह्या दोन बोटं आखूड.
त्याची थोरली बहीण हुहाना,
मांडीवर मासे ठेवायची पेटी, पेटीत केक.
आणि लग्न लावणारी मी.
दुसरी साक्षीदार आणि फोटोवाला
बोगद्यापलीकडे, दरडीमागे, गाडीत अडकलेले.

एका साक्षीदारावर लग्न होत नाही.
मग मी हाक मारली लिंडनला.
तो रस्ता बंद करून उभा होता, नारिंगी जाकिटात,
हातात थांबा लिहिलेली पाटी.
आला. टोपी काढली. पाणी गळायचं थांबेना म्हणून परत घातली.

कायदा तसा फार काही मागत नाही.
एकमेकांचं पूर्ण नाव घ्यायचं,
स्वीकारलं म्हणायचं,
आणि ते दोघांच्या कानांवर पडलं पाहिजे.

तामातीनं वहीचं पान काढलं.
ते त्यानं कानात सांगायचं म्हणून लिहिलेलं,
ओळी लहान, अक्षर त्याहून लहान.
तो पुटपुटला. वर पत्रा ताडताड वाजत होता,
पागोळ्यांची नुसती भिंत झालेली.
लिंडन ओशाळून म्हणाला,
माफ करा, मला काहीच ऐकू आलं नाही.

मी म्हटलं, मोठ्यानं म्हणा.

त्यानं पुन्हा वाचलं. पुन्हा नाही.
तिसऱ्यांदा त्यानं पान खिशात कोंबलं
आणि मैदानावर पोरांना ओरडावं तसा ओरडला:
रोवेना!
तू कधी आनाहेराच्या खुर्चीत बसली नाहीस!
आणि ती खुर्ची
कधी हलवलीही नाहीस!

हुहाना एकदम केकच्या पेटीवर वाकली,
झाकण नीट बसलंय का बघायला.
ते बसलेलंच होतं.
आनाहेरा तिची मैत्रीण होती, वहिनी होण्याच्याही आधीची.

रोवेनानं बरंच पाठ केलं होतं, ते गेलं कुठल्या कुठे.
तिनं फक्त त्याचं नाव घेतलं,
आजोबांचं, पणजोबांचं, सगळं जोडून,
एका श्वासात, घसा फाटेस्तोवर,
आणि शेवटी, हो. हो म्हणतेय ना!

समोरच्या कड्यावरून तेव्हा सतराएक धबधबे पडत होते.
सतरापर्यंत मोजले, मग नाद सोडला.
त्यांना नावं नाहीत.
पाऊस थांबला की तासाभरात ते नसतातच.

कागदावर सह्या झाल्या. हुहानाची ठसठशीत.
लिंडननं हात मांडीला पुसला, पेन धरलं, थबकला.
मी ऐकलं ते लिहायचं का?
नाही रे, नुसती सही.
मग ते खुर्चीचं?
ते कुठंच लिहायचं नसतं.
त्याला ते पटलं नाही. तरी सही केली,
आणि शेवटच्या अक्षरावर त्याच्या टोपीचा थेंब पडला.

केक आम्ही बोटांनी खाल्ला, सुरी पलीकडच्या गाडीत.
एक केआ पोपट येऊन माझ्या छत्रीचं रबर सोलून गेला.

चारला रस्ता उघडला.
गाडी जवळ आली तसा लिंडन ताठ उभा राहिला,
आणि एरवी कंटाळ्यानं फिरवतो ती पाटी
त्यानं दोन्ही हातांनी धरून फिरवली.
मागच्या बाजूला एकच शब्द असतो,
तिथल्या सगळ्या पाट्यांवर असतो तोच:
हळू.