कल्हई

वर्तुळ, चौकोन, रेघ:
लायब्ररीतले क्लास, दुसऱ्याच कुणी घडवलेले,
आत एक ओळ घालायची सोय नाही.
मी अंबडला, रात्री पावणेदोनला
एकेकाला विचारतेय, तू कोण?
नाहीतर तू कोण?
सतरा ‘नाहीतर’ झाले.
उद्या लंबवर्तुळ आलं तर?

तांबट लेनमधले सुकदेवमामा
भांडं कधी वितळवत नसत.
टिचकी मारायचे, कान द्यायचे.
तांबं. पितळ.
मग नवसागर, कथील, कापसाचा बोळा,
आतून एक पातळ चंदेरी अंग.
जर्मनचं पातेलं मात्र हसून परत:
“याचं माझ्याकडे काही नाही, बाई.”

सतराही ओळी पुसल्या.
ज्या त्या आकाराला माझा एक थर दिला.
शेवटी, अनोळख्यासाठी,
मामांचंच वाक्य,
‘बाई’सकट.