नवतपा, वॉर्ड नंबर सात

दौलत निमजे आला तो पोलिसांच्या गाडीतून, हसत.
कागदावर लिहिलं होतं :
रात्री झोपत नाही. घरच्यांवर धावून जातो.
धंदा : कूलर दुरुस्ती, गोळीबार चौक.

आल्या आल्या त्यानं छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"काहून भाऊ, तेवीस मानसं अन् दोन पंखे?
दवाखाना होय का भट्टी?"

मी अटेंडंट. किल्ल्यांचा जुडगा कमरेला.
तो कसा वाजतो यावरून वॉर्डाला कळायचं
मी रागात आहे की जेवून आलोय.

कूलर एकच होता, इन्चार्ज नगरारे सिस्टरांच्या खोलीत.
बाई वाईट नव्हत्या.
आवाज कधी चढवला नाही त्यांनी.
नुसता पेन उचलायच्या
आणि गडी न गडी गोळी गिळून
जीभ बाहेर काढून दाखवायचा.

दौलतनं अर्ज केला. तेवीस अंगठे.
शाई नव्हती, म्हणून वरणात बुडवून
पिवळे उठवलेले.
मागणी एकच :
अख्खं नागपूर नवतप्यात स्लॅबवर झोपते,
आमालेबी झोपू द्या.

बाईंनी वाचला, घडी घातली,
केसपेपरला टाचला.
खाली लिहिलं : मागण्या करतो. डोस वाढवावा.

दुसऱ्या दिवशी तेवीस थाळ्या पालथ्या.
हेडाऊ मास्तरसुद्धा, जे भिंतीला पाढे शिकवायचे
आणि पोळीसाठी रडायचे.
तिसऱ्या दिवशीही.
चौथ्या रात्री जिन्याचं दार उघडं होतं.

वर गेलो तेव्हा ते टाकीतलं पाणी
मगांनी स्लॅबवर ओतत होते.
चर्रर्र. वाफ. ओल्या सिमेंटचा वास.
मग चादरी. एकाला लागून एक.
दूर कोराडीच्या चिमण्यांचे लाल दिवे,
इटारसी लाइनवर मालगाडी,
आणि उईके, ज्याला घरात बांधून ठेवायचे,
चांदण्या मोजता मोजता
मध्येच चुकला, पहिल्यापासून लागला.

भिंतीपलीकडच्या घराच्या गच्चीवरून
कुणी बाई अंधारात विचारती झाली :
"तुमच्याकडची बी लाइन गेली का जी?"

सगळे गप्प.
मग पुंडलिक बारापात्रे,
अकरा वर्षांत ज्याचा शब्द कुणी ऐकला नव्हता,
कुशीवर वळला आणि म्हणाला :
"हो ना बाई. केव्हाचीच."

कुणी उडी मारली नाही. कुणी पळालं नाही.
सकाळी मोजले, तेवीस.

चौकशीत दौलत म्हणाला, मीच.
कूलरवाला मानूस मी, तारेनं उघडलं.
साहेबांनी तसंच लिहून घेतलं.
नगरारे बाईंनी ते कुलूप हातात धरून पाहिलं,
बराच वेळ. मग माझ्याकडे पाहिलं.
पेन उचलला नाही.

त्या कुलपात तार जात नाही.
किल्लीसुद्धा जरा वर उचलून फिरवावी लागायची,
डावीकडे. हे दोघांनाच ठाऊक होतं,
एक मी,
आणि दुसरा तो, ज्याला मी दाखवलं होतं.

आठवड्यातून तीनदा करंट.
घोटे धरायची ड्यूटी माझी.
पहिल्या वेळी त्यानं डोळा मारला मला.
सातव्या वेळी नाव विचारलं.
शेवटी बाईंचा कूलर बिघडला तेव्हा
त्याला आणलं, पाना हातात दिला.
पाना उलटसुलट करून म्हणाला,
"भारी हाये."
एवढंच. परत माझ्या हातात दिला.

मी रिटायर झालो. मानकापूरला घर बांधलं, एक मजली.
नवतप्यात संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारतो.
नातू विचारतो, आबा, झोपेत कमरेला काय चाचपता?
परवा लाइन गेली.
शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं,
तुमची बी गेली का?

जागा होतो मी.