काहिलीचा तळ

सांगाडा शिरोलीच्या भंगारात मिळाला.
सत्त्याहत्तरची अँबॅसेडर,
दारं नाहीत, डिकीत कोंबडीनं अंडी घातलेली.
बारा हजार म्हणाला.
मी अंड्यांसकट नऊला उचलली.

वैजयंतानं वहीत लिहिलं:
गाडी, नऊ हजार. अंडी, चार.
खाली रेघ मारली नाही.
चाळीस वर्षं ओळखते ती मला.

फुलेवाडीत, तिसऱ्या स्टॉपमागं,
घर आणि कंपाउंडमधला साडेनऊ फुटांचा बोळ,
वर पत्रा, एक ट्यूब,
तीही चोकला चापट मारल्याशिवाय लागत नाही,
हा माझा कारखाना.
उद्यमनगरात जन्मभर पॅटर्न केले,
पंपाच्या कवचाचे, ट्रॅक्टरच्या हाउसिंगचे.
लाकूड माझ्या हातचं, ओतकाम दुसऱ्याचं,
वर नाव तिसऱ्याचं.

टप कापला. सहा इंच छाटून पुन्हा बसवला
तेव्हा शेजारचे दत्ताजीराव भिंतीवरून म्हणाले,
"मोडाय काढलायसा व्हय?"
"न्हाई, बांधाय."
बराच वेळ बघत राहिले.
"मग वरनं का सुरुवात केलासा?"

इंजिन काँटेसाचं,
गडहिंग्लजच्या एका डॉक्टरांच्या गोठ्यातलं.
त्याला म्हैस बांधलेली.
अठरा हजार, आणि म्हशीला नवा खुंटा, तीनशे.
बॉनेट मी बसवलंच नाही.
ज्यानं चार वर्षं म्हैस धरून ठेवली
त्यानं तोंड कशाला लपवायचं?

तळ कुजून गेलेला. नवा पत्रा परवडेना.
कळंब्याकडं एका गुऱ्हाळात
फुटकी काहील पालथी पडली होती,
किलोच्या भावानं आणली,
कापली, ठोकून ठोकून सरळ केली.
वेल्डिंगची पहिली ठिणगी पडली
आणि गल्लीभर काकवीचा वास.
क्लासला निघालेली पोरं सायकलवरून उतरली.
रात्री मुंग्या आल्या,
ब्रेकच्या नळीवरून, एका रांगेत,
अजून येतात.
मी पावडर टाकत नाही.
कैक हंगामांचा रस आटलाय त्या लोखंडात,
माझ्या एका ग्राइंडरनं थोडाच निघणार!

व्हॉल्व्हच्या झाकणाचा पॅटर्न सागात केला.
अ‍ॅल्युमिनियम निवताना आकसतं,
मीटरमागं तेरा मिलिमीटर.
म्हणून आमच्या पट्टीवरचा सेंटिमीटरच
बाजारातल्यापेक्षा जरा लांब.
सवयच लागली त्या पट्टीची.
घरी आल्यावर सगळं थोडं कमी भरायचं,
खोली, पगार,
पोरीच्या लग्नाचा मांडवसुद्धा.

बाबालाल मुल्लाणीनं शनिवारच्या शेवटच्या ओतात
माझं झाकण घेतलं.
पैसे विचारले तर म्हणाला,
"ती वही माझ्याम्होरं उघडू नको."
वाळू फोडली. मी गुपचूप कोरलेली अक्षरं निघाली,
पण एका मात्रेत धातू पोचलाच नव्हता.
तिनं झाकण उजेडाकडं धरलं,
कड अजून कानसली नव्हती, बोटाला लागली.
"वेजयंता?
ही कोण आणि?"

मंगळवारी पहाटे इंजिन लागलं.
आधी खोकलं, मग गप्प,
मग असं बोललं की
पत्र्यावरची मांजर दोन घरं पलीकडं गेली.
आरटीओतला भाचा आधीच सांगून गेलेला:
मामा, कागदावर ही गाडी मेलेली आहे.
रस्त्यावर दिसली तर मीच जप्त करणार.

म्हणून बोळातून फाटकापर्यंत,
चाळीस फूट. आणि मागं, रिव्हर्समध्ये.
वैजयंता शेजारी,
चपला काढून पाय तळावर ठेवलेले,
तळ तापत चाललेला.
वहीची बेरीज काल तिनंच केली,
मला सांगितली नाही, मीही विचारली नाही.

भिंतीवर दत्ताजीराव, तोंडात ब्रश.
"कुठवर जातीया?"
"फाटकापर्यंत."
"आणि मग?"
"मग मागं."
त्यांनी चूळ भरली, गेले.
दार वाजलं.
इस्त्रीचा शर्ट घालून बोळात उभे,
हातात चपला.
"मलाबी एकदा
फाटकापर्यंत न्या की."