खट्, आणि मग

ओरेस्ट ह्रित्साकला आवाज ऐकू येत नाही.
तो म्हणतो, माकडहाडाला कळतं.
गिअर टाकला की सीटखालून कुणीतरी
टिचकी मारतं,
आणि मग पेडल दाबलं तरी गाडी
क्षणभर नुसतीच उभी,
हाक ऐकून आधी चष्मा शोधावा
आणि मग ओ द्यावी, तशी.

बाहेर उणे एकतीस.
किंडर्सलीकडून येणारा रस्ता पांढरा, आभाळही तेच,
मधे धान्याचा एलिव्हेटर, तोही अर्धाच दिसतो.
एकोणनव्वद सालची फोर्ड पिकअप, तपकिरी.
डावं दार कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचं, निळं.

चालव, मी म्हटलं, मी शेजारी बसते.

पार्कमधून ड्राइव्हला: खट्.
ड्राइव्हमधून रिव्हर्सला: खट्, जरा जाड.
चालत्या गाडीत पाय उचलून परत दिला,
पुन्हा तेच.
आवाज मागून येतोय असं वाटतं,
पण आग सोमेश्वरी नि बंब रामेश्वरी
असं मी एकदा केलंय,
आख्खा गिअरबॉक्स उतरवला होता एका बिचाऱ्याचा.
तेव्हापासून आधी काही उघडत नाही.
आधी हात.

पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे. गिअर न्यूट्रल.
पाठीखाली पुठ्ठा, पुठ्ठ्याखाली काँक्रीट,
काँक्रीटखाली सगळा सस्कॅचेवान गोठलेला.
प्रॉपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी धरते
आणि ओलं फडकं पिळावं तशी इकडे, तिकडे.
डिफरन्शियलमध्ये थोडी ढील आहे.
असू दे. दात्यांना तेवढी लागतेच,
अगदी घट्ट बसवलेले दाते आधी विव्हळतात.
मागचा सांधा मात्र
माझं मनगट वळायच्या आधीच हलतो.
टोपीभोवती लाल भुकटी, चिमूटभर तपकिरीएवढी:
आतल्या सुया ग्रीसविना
स्वतःलाच दळत बसल्या होत्या.

सापडलं! मी ओरडले.
त्याला ऐकू गेलं नाही.
हात लांबवून त्याचा बूट हलवला.

जुना सांधा ठोकून काढायला दुपार गेली.
नवा बसला. खट् गेलं.
ओरेस्टने एक फेरी मारली,
माकडहाडाचा सल्ला घेतला, मान डोलावली.
पण थांबणं तसंच.
पेडल. एक. दीड. मग गाडी.

ट्रान्समिशनचं तेल लाल, करपल्याचा वास नाही.
ॲक्सिलरेटरची केबल ताठ.
त्याच्या तोंडासमोर उभं राहून विचारलं,
फ्युएल फिल्टर शेवटचा कधी बदललास?

तो इतका वेळ गप्प राहिला
की वाटलं, ओठ वाचता आले नसतील.
मग डॅशबोर्डचा कप्पा उघडून
त्याने एक वही काढली, रबरबँड हातातच तुटला.
हे खातं ओल्हाकडे होतं, म्हणाला,
मी फक्त चालवायचो.

बारीक, सरळ, पेन्सिलीची अक्षरं.
ऑइल. पट्टा. टायरची अदलाबदल.
एका जागी, का कोण जाणे, बिटाचा भाव.
शेवटची ओळ चौदा वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमधली:
ऑइल बदललं, पुढचे ब्रेक केले,
फिल्टर पुढच्या वेळी.
त्याखाली सगळ्या रेघा कोऱ्या.

चेसीच्या आतल्या अंगाला, डावीकडे,
फिल्टर गंजून क्लिपला धरून बसला होता.
ट्रेमध्ये उलटा केला तर
कॉफीचा गाळ पडावा तसं काहीतरी पडलं.
आम्ही दोघं ते बघत राहिलो, गरजेपेक्षा जास्त वेळ.

नवा फिल्टर टाकल्यावर गाडी अशी सुटली
की त्याची टोपी मागच्या काचेला लागली.
परत आला, इंजिन बंद केलं नाही,
हातानेच खूण केली: पेन्सिल.
वही मांडीवर घेऊन तारखेचा पहिला आकडा काढला,
आणि पेन्सिल मला परत दिली.
तू लिही, म्हणाला, तिचं सगळं सरळ असायचं.

मी लिहिलं. मागचा सांधा. फिल्टर.
किलोमीटर किती, विचारलं.
त्याने बाहीने काच पुसली, वाकून पाहिलं.
मीटर बंद आहे, म्हणाला.
कधीपासून
ते वहीत असेल बघ.