माहेर अज्ञात

रामकुंडाजवळच्या माडीवर गुरुजी लाल फडकं सोडतात.
लांबट वही, पानांना कापराचा वास.
"गाव? आडनाव?"
कुसुंबे. मूळ निफाडकडचे. तांबटकाम.
माझे कुणी नव्हेत ते.
द्वारकेच्या डायलिसिस सेंटरात तीन नंबरच्या खुर्चीवर
मंगळ, गुरू, शनि बसतात ते प्रभाकर कुसुंबे,
वय एक्केचाळीस, साखर विसाव्या वर्षापासून.
अंगावर मांस नाही, ताटात गोड नाही.
म्हणून तर मी इथे.

गुरुजी वाचतात : दत्तू, पिता सखाराम, पिता येसू, पिता रखमाजी...
मी चौकोन काढत जाते.
आमच्या कागदावर पुरुष चौकोन, बाई गोल,
आजारी असेल तर आतून काळं करायचं.
एकाखाली एक सहा चौकोन,
कठडा नसलेला जिना.

"आणि बायका?"
"आहेत की. सखारामाची भार्या गोदावरी.
येसूची भार्या गोदावरी."
सासरी आल्यावर नदीचंच नाव ठेवायचे, म्हणतात.
"माहेर?"
ते पान उलटतात.

तांबट आळीत आता ठोके तुरळक.
प्रभाकरची आत्या, ऐंशीच्या पुढची,
रक्तासाठी दंड उघडा करून बसते.
"आमच्या आजीला काही नव्हतं हो.
फक्त ती मोरीतून उठली, की मागे मुंग्यांची रांग.
आम्ही पोरी हसायचो."
सुई हातात तशीच राहिली माझ्या.
पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा रिपोर्ट हा.
येसूशेजारी एक गोल काढला,
काळा केला, पण पेन्सिलीनं.

प्रभाकरची कृत्तिका बारावीत.
दर वेळी एकच विचारते : मला होईल का?
मी पाणी पिते.

दिवाळीच्या आवराआवरीत तिचाच फोन.
माळ्यावरचा हंडा काढला मॅडम, चिंचेनं घासला,
तर काठावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं :
*चि. ठकूस आईकडून. चांदवड.*

ठकू.
वहीतली गोदावरी ती हीच.
आईकडून.

चांदवडला ठकूच्या भावाचे पणतू, कांद्याच्या खळ्यावर.
थोरल्याला साखर. धाकट्यानं सोनोग्राफीची फाईल आणली,
मूत्रपिंडावर पाण्याचे फुगे.
"घडच लागलाय," तो म्हणाला. द्राक्षबागेत मजुरीला जातो.
पाचशेची नोट काढून विचारलं, तपासणीचे किती.
मी म्हटलं, काहीच नाही.
तो जास्तच घाबरला.

परतीची एस.टी. मांडीवर बर्फाचा डबा, सहा नळ्या.
वडाळीभोईला कंडक्टर : "मासे असतील तर मागं ठेवा."
"लस आहे," मी खोटं बोलले.

नाशिक यायच्या आत झाड पुन्हा काढलं.
चांदवडची फांदी आडवी वाढून पानाबाहेर गेली,
तिकिटाच्या पाठीवर उरलेली नावं.

कृत्तिकाला अठरा पूर्ण व्हायला अडीच महिने.
तेव्हा ती सही करील, किंवा करणार नाही.
तोवर तिचा गोल
कोरा ठेवलाय.